१९३५ ची जर्मन ग्रां प्री मोटारशर्यत नुवोलारीला कोणी भेट म्हणून दिली नव्हती

जुनेइंजिन:
परवा येथे कोणीतरी लिहिले की २८ जुलै १९३५ रोजी जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंग शर्यतमार्गावर इटालियन चालक ताझिओ नुवोलारी जिंकला तो निव्वळ नशिबाने, कारण शेवटच्या फेरीत मानफ्रेड फॉन ब्राउखिचच्या मर्सिडीजचा मागचा टायर फुटला, आणि तसे झाले नसते तर या शर्यतीची आज कोणी आठवणही काढली नसती. हे वाचून गप्प बसवले नाही. नऊ जर्मन गाड्या, पाच मर्सिडीज आणि चार ऑटो युनियन, एका बाजूला. दुसऱ्या बाजूला स्कुदेरिया फेरारी या इटालियन संघाने उतरवलेली, त्यांच्यापेक्षा कितीतरी कमी अश्वशक्तीची, तीन वर्षे जुन्या रचनेची अल्फा रोमिओ पी-३. संघातल्या बाकीच्या दोन अल्फा सुरुवातीलाच बाद झाल्या. दहाव्या फेरीत नुवोलारी आघाडीवर होता. मग इंधन भरायला थांबल्यावर पंप बिघडला आणि कॅनने पेट्रोल ओतावे लागले, त्यात दोन मिनिटांहून अधिक वेळ गेला, तर ब्राउखिच मिनिटाच्या आत बाहेर पडला होता. तेथून सहाव्या क्रमांकावर फेकला गेलेला बेचाळीस वर्षांचा माणूस थोड्याच फेऱ्यांत पुन्हा दुसरा येतो, याला नशीब म्हणायचे असेल तर मग कौशल्य कशाला म्हणायचे?

पिटलेन:
वर ज्याचा उल्लेख झाला ते लिहिणारा मीच. आपण सांगितलेले सगळे खरे आहे, पण त्याने माझ्या मुद्द्याचे उत्तर मिळत नाही. बाविसावी, म्हणजे शेवटची, फेरी सुरू झाली तेव्हा ब्राउखिच अर्ध्या मिनिटाने पुढे होता. सव्वा बावीस किलोमीटरहून मोठ्या त्या एका फेरीत नुवोलारीने हे अंतर भरून काढले असते, असे आपण छातीठोकपणे म्हणू शकता का? शिवाय अल्फाची ताकद कमी असल्यामुळे तिचे मागचे टायर कमी झिजत होते, म्हणजे ज्या दुबळेपणाचे आपण कौतुक करता त्यानेच त्या दिवशी तिला हात दिला. सुरुवातीच्या ओल्या रस्त्यावर जास्त अश्वशक्तीचा फारसा उपयोगही नव्हता.

घाटवाट:
टायरबद्दल कोणीही काहीही लिहू लागले आहे, म्हणून बोलतो. आमच्या घरी तीस वर्षे ट्रकचा धंदा होता. खंबाटकी उतरताना मागचा टायर फुटला तेव्हा मी वडिलांच्या शेजारी बसलो होतो, आणि गाडी थांबल्यावर ते पहिले वाक्य बोलले ते असे, की गोटा झालेला टायर आधी सांगतो, आपण ऐकत नाही. ब्राउखिचचे तेच झाले. तो टायरवर निर्दयपणे गाडी चालवणारा म्हणून त्याच्याच संघात प्रसिद्ध होता. चाकाची अवस्था पिटमधून, म्हणजे संघाच्या थांब्यावरून, दिसत होती. टायर बदलायला थांबले तर नुवोलारी पुढे जाणार, आणि न थांबले तर टायर जाणार, अशा कोंडीत मर्सिडीजला कोणी आणून उभे केले? पाठीमागून फेरीमागून फेरी सेकंद खाणाऱ्या माणसाने. तो दोन मिनिटे मागे असता तर मर्सिडीजचा संघप्रमुख आल्फ्रेड नॉयबाउअरने शांतपणे चाक बदलून घेतले असते.

उत्तररंग:
हे सगळे ठीक आहे, परंतु या शर्यतीचे वर्णन करताना प्रत्येक वेळी नाझींच्या तोंडावर चपराक असा जो सूर लागतो, त्याची मला मनापासून चीड येते. जर्मन गाड्यांना हिटलरच्या सरकारचा पैसा होता, हे मान्य. पण नुवोलारी कोणत्या देशाचा प्रतिनिधी होता? मुसोलिनीच्या इटलीचा. या विजयानंतर अवघ्या काही आठवड्यांत, ३ ऑक्टोबर १९३५ रोजी, त्याच इटलीने अबिसिनियावर (आजच्या इथिओपियावर) आक्रमण केले. एका हुकूमशहाच्या अंगणात दुसऱ्या हुकूमशहाचा झेंडा चढला, यात स्वातंत्र्याचा विजय कोठे आला?

जुनेइंजिन:
मी राजकारणाचा एक शब्दही लिहिला नव्हता. माझ्या तोंडी नसलेले वाक्य खोडून काढण्यात आपण अख्खा प्रतिसाद घालवला.

उत्तररंग:
आपण लिहिले नाही, पण आपल्या मांडणीत ते गृहीत आहे. एकटा शूर विरुद्ध बलाढ्य नऊ, ही कथा तेथूनच येते. नुवोलारीला त्या वर्षी स्वतः ऑटो युनियनमध्ये जायचे होते, हे का सांगत नाही? ते जमले नाही म्हणून तो अल्फात होता. १९३८ साली तो गेलाच. म्हणजे त्याला गाडी वेगवान हवी होती, तिच्यामागे कोणते सरकार आहे याच्याशी त्याला देणेघेणे नव्हते.

राइनकाठ:
मी जर्मनीत कोब्लेंझजवळ राहतो. नॉर्डश्लाइफेवर, म्हणजे न्यूरबुर्गरिंगच्या त्याच जुन्या लांब मार्गावर, पैसे भरून सामान्य माणसालाही स्वतःची गाडी नेता येते. मी नेली, आणि अर्ध्या वाटेवर हात घामाने निसटू लागले, कारण पुढच्या उंचवट्यापलीकडे रस्ता कोणीकडे वळतो हे दिसतच नाही. आयफेल या डोंगराळ भागातल्या बेकारांना काम मिळावे म्हणून बांधलेला हा रस्ता १९२७ मध्ये खुला झाला. त्यावर त्या काळच्या अरुंद टायरांनी, शिरस्त्राणाऐवजी कापडी टोपी घालून, ५०० किलोमीटर आणि चार तासांहून अधिक वेळ गाडी हाणलेल्या माणसाविषयी राजकारणाची बेरीज-वजाबाकी मांडताना थोडे थांबावे. उत्तररंग यांचा इतिहास बरोबर आहे, पण वळणावर ब्रेक मुसोलिनी लावत नव्हता.

उत्तररंग:
आणि तीन लाख प्रेक्षकांसमोर झेंडा वर चढला, तो काय नुवोलारीच्या खाजगी मालकीचा होता? त्या काळच्या शर्यती या दोन्ही राजवटींच्या जाहिराती होत्या. आपल्या घामाने ते बदलत नाही.

पिटलेन:
आपण दोघे राजकारण आटोपते घ्या, मूळ प्रश्न बाजूला राहिला. घाटवाट यांचा मुद्दा मला टाळता येत नाही: दडपण नसते तर चाक बदलले गेले असते, एवढे मी मानतो, आणि ते मानणे मला आवडत नाही. पण मग दोष नॉयबाउअर आणि ब्राउखिच यांच्या निर्णयाचा आहे, आणि चुकीच्या निर्णयाचा लाभ ज्याला झाला त्याला सर्वकालीन श्रेष्ठ ठरवण्याची घाई मी करणार नाही. ब्राउखिच शेवटी रिमवर गाडी ओढत पाचवा आला, हेही सोडू नका.

घाटवाट:
सोडत नाही. तो पाचवा आला, पण दुसरा श्टुक, तिसरा काराचिओला आणि चौथा रोझेमायर यांचे टायर फुटले नव्हते. त्यांच्या गाड्यांतही तीच ताकद होती, रस्ताही तोच होता. नुवोलारी त्या तिघांच्याही पुढे होता, आणि ते टायर फुटण्याच्या कितीतरी आधीपासून.

पिटलेन:
श्टुकच्या ऑटो युनियनचे वजन मागे होते आणि ती वळणावर सांभाळणे अवघड होते.

घाटवाट:
तीच मांडणी असलेल्या ऑटो युनियनने १९३८ मध्ये मोंझा आणि डोनिंग्टन येथल्या शर्यती जिंकल्या. चालवणारा नुवोलारी होता, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. आता गाडीचे कारण पुढे करायचे असेल तर तेही करून पाहा.