अनुभव धागा: घरात ज्याला 'पित्त' म्हणतात

धागा सुरू करणारी मावशी, धाराशिव
येळवशीला शेतात सगळे भज्जी-आंबिलीवर तुटून पडले होते. भाचीही पोटभर जेवली आणि हळूच उठून ज्वारीत गेली. मी मागोमाग गेले. ओकत होती. "मावशी, पित्त झालंय," म्हणाली. दीड वर्ष आम्ही तिच्या पित्तालाच नावं ठेवत होतो. तो बुलिमिया होता, म्हणजे भराभरा खूप खायचं आणि मग ते मुद्दाम ओकून काढायचं, असा आजार. ज्यांनी हे सोसलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. फक्त वजनाचे आकडे आणि उलटी कशी काढायची ते लिहू नका. वाचणारी एखादी पोरगी त्यातूनच शिकते.

लातूर, वय २१
नीटसाठी अकरावीला हॉस्टेलवर आले. दिवसभर उपाशी राहायचं, रूममेटला गुरुवार सांगायचा, एकादशी सांगायची. रात्री मात्र हात थांबायचा नाही. बिस्किटं, शेव, घरून आलेले धपाटे, चव न कळता खात सुटायचे. मग लाज वाटायची, मग बाथरूम. रविवारच्या टेस्टमध्ये मार्क कमी आले की हमखास. मी बारीक झालेच नाही, म्हणून कुणाला संशयच आला नाही.

एका सकाळी पायात गोळे आले, छाती धडधडायला लागली. रक्तातलं पोटॅशियम २.६ निघालं, ते ३.५ च्या वर पाहिजे. उलट्यांनी ते असंच उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, कधी जीवही जातो. दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी आईला बाहेर बसवलं आणि शांतपणे विचारलं, "बाळा, जेवल्यावर मुद्दाम उलटी काढतेस का?" तोवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी तासभर रडले.

उपचार म्हणजे समुपदेशन (सीबीटी) आणि काही महिने गोळी. सगळ्यात अवघड काय होतं, तर वेळेवर खाणं. तीन जेवणं आणि मधलं खाणं चुकवायचं नाही, कारण दिवसाची उपासमारच रात्री अंगावर येते. मधे दोनदा पुन्हा घसरले. आता आठ महिने झाले.

एक आई, अंबाजोगाई
मोरावळा दिला, दृष्ट काढली, बाहेरचं बघणाऱ्याकडेही नेऊन आणलं. आणि रोज ताटावर बसल्यावर मीच म्हणायचे, "पाहुणे बघायला यायलेत, दोन घास कमी खा." लेकरू माझ्यासमोर जेवायचं आणि मोरीत जायचं. पाण्याचा नळ उगीच चालू असायचा. मला ऐकू यायचं, पण मी उठले नाही. एवढंच लिहिते.

दातांची डॉक्टर, नांदेड
बऱ्याचदा पहिल्यांदा आम्हालाच दिसतं. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू आम्लाने झिजलेली, कानाखाली गालगुंडासारखी सूज, बोटांच्या सांध्यांवर घट्टे. यातल्या बऱ्याच मुलींचं वजन अगदी ठीक असतं. उलटीनंतर लगेच ब्रश करू नका, मऊ झालेलं इनॅमल आणखी खरवडलं जातं. साध्या पाण्याने चूळ भरा. उलटीत रक्त दिसलं किंवा चक्कर आली तर थेट दवाखाना गाठा, सकाळची वाट बघू नका. आणि आईबाबांना हात जोडून सांगते, ओरडू नका. ओरडलं की पोरगी अजून चांगलं लपवायला शिकते.

हिंगोली, वय १७
मी पण. कोणालाच सांगितलं नाही. आजपण झालं.

धागा सुरू करणारी मावशी, धाराशिव
बाळा, लिहिलंस ते लई बरं केलंस. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासाबद्दल बोलायचा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्रीसुद्धा लागतो आणि मराठीत बोलता येतं. आता छातीत धडधड होतेय का? चक्कर? तसं असेल तर घरच्यांना आत्ताच उठव. आणि घरातलं असं कोण आहे, ज्याला सांगताना तुला भीती वाटणार नाही?

हिंगोली, वय १७
धडधड नाही. मोठी ताई आहे, परभणीला दिली. ती रागवत नाही. अजून जागी असेल, लावते फोन.