पेनड्राइव्ह लावला तरी विंडोजच उघडतंय

बी-२०४: नमस्कार, सोसायटीच्या ग्रुपवर विचारतोय. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचं ठरवलंय. तिची आयएसओ (अख्खी सिस्टिम एकाच फाइलमध्ये) डाउनलोड केली, १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर कॉपी केली, रीस्टार्ट केलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा विंडोजच उघडलं. कोणी सांगेल का?

ए-७०२: काका, पेनड्राइव्ह उघडल्यावर आत एकच मोठी फाइल दिसते की बरेच फोल्डर?

बी-२०४: एकच. पावणेतीन-तीन जीबीची.

ए-७०२: मग तिथेच घोडं अडलंय. नुसती आयएसओ ठेवली तर लॅपटॉपला ती सिनेमाच्या फाइलसारखीच एक फाइल. सुरू होताना मशीन पेनड्राइव्हवर ‘ईएफआय’ फोल्डर, त्यात ‘बूट’ फोल्डर आणि त्यात ‘बूटएक्स६४’ नावाची ईएफआय फाइल शोधतं. ही फाइल आयएसओच्या पोटात आहे, ती बाहेर काढून नीट मांडायला रुफस नावाचं छोटं सॉफ्टवेअर वापरा. इन्स्टॉल करावं लागत नाही, डबल क्लिक केलं की चालतं. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, आधी फोटोबिटो काढून घ्या.

सी-१०३: काका, त्याआधी दोन गोष्टी. स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधून उघडा आणि ‘बायोस मोड’ समोर काय लिहिलंय ते सांगा. बायोस म्हणजे मशीन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर; ते नव्या पद्धतीचं (यूईएफआय) आहे की जुन्या (लेगसी), ते तिथे कळतं. दुसरं, डाउनलोड अर्धवट झालेलं नाही ना ते बघा. सेव्हन-झिप हे फाइली सोडवायचं सॉफ्टवेअर असेल तर फाइलवर राइट क्लिक, ‘सीआरसी एसएचए’, मग ‘एसएचए-२५६’. जो लांबलचक आकडा येईल तो मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी जुळवा. पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं जुळली तरी पुरे. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, पण ही पायरी कोणी करत नाही.

बी-२०४: आकडा जुळला. बायोस मोड: यूईएफआय.

ए-७०२: छान. रुफसमध्ये ‘डिव्हाइस’ला पेनड्राइव्ह, ‘सिलेक्ट’ने आयएसओ, पार्टिशन स्कीम (पेनड्राइव्हवरची मांडणी) जीपीटी, टार्गेट सिस्टिम यूईएफआय. बायोस मोडमध्ये ‘लेगसी’ आलं असतं तर एमबीआर ही जुनी मांडणी घ्यावी लागली असती. स्टार्ट दाबल्यावर ‘आयएसओहायब्रिड’ असं काहीतरी विचारेल, तिथे सुचवलेला आयएसओ मोडच ठेवा. त्याने मशीन सुरू (बूट) नाही झालं तरच पुन्हा लिहून डीडी मोड, म्हणजे आयएसओ जशीच्या तशी उतरवणं. डीडीनंतर विंडोज ‘ही डिस्क फॉरमॅट करा’ म्हणून मागे लागतं. करायचं नाही, कॅन्सल.

सेक्रेटरी: मंडळी, उद्या सकाळी १० ते १ टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवा. बाकी चालू द्या.

बी-२०४: रुफसने लिहून झालं. रीस्टार्ट केलं, परत विंडोज!

सी-१०३: कारण मशीनला पेनड्राइव्हवरून सुरू हो असं सांगितलेलंच नाही. बूट ऑर्डरमध्ये पहिली हार्ड डिस्क आहे, ते तिथूनच उठणार. सुरू करताना बूट मेनूची की दाबावी लागते. डेल आणि लेनोवोला एफ१२, एचपीला आधी एस्केप मग एफ९, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरलाही एफ१२, पण काही मॉडेलवर तो मेनू बायोसमध्ये जाऊन आधी चालू करावा लागतो. एकदा दाबून वाट बघू नका, पॉवर दिल्यापासून टकटक दाबत राहा.

ए-७०२: आणि शटडाउन करून मग चालू केलं तर फास्ट स्टार्टअप आडवा येतो. त्यात शटडाउन म्हणजे खरंखुरं बंद नसतं, विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून मशीन डुलकी घेतं, आणि की दाबायला वेळच मिळत नाही. सोपा मार्ग: शिफ्ट धरून ठेवून ‘रीस्टार्ट’ क्लिक करा. निळा पडदा येईल, त्यात ‘यूज अ डिव्हाइस’. की कुठली, ही भानगडच नाही.

बी-२०४: त्या यादीत पेनड्राइव्ह दिसतच नाही.

ए-७०२: हब किंवा एक्स्टेन्शनला लावलाय का? सरळ लॅपटॉपला लावा. निळं पोर्ट असेल तर काळं वापरून बघा, जुनी मशीनं सुरुवातीला यूएसबी ३ ओळखायला कुरकुर करतात. तरीही नाही दिसला तर बायोसमध्ये ‘यूएसबी बूट’ बंद आहे का आणि ‘फास्ट बूट’ चालू आहे का ते बघा. हा फास्ट बूट वेगळा, वरच्या फास्ट स्टार्टअपशी गल्लत नको. वेळ वाचवायला तो यूएसबीची तपासणीच गाळतो.

ए-३०५: मधेच घुसतो. माझ्याकडे २०२३ सालचा तयार मिंटचा पेनड्राइव्ह आहे. यादीत दिसतो, पण निवडला की ‘एसबीएटी… सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ आणि मशीन बंद. पेनड्राइव्ह खराब?

सी-१०३: पेनड्राइव्ह ठणठणीत आहे, त्यातला बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम, जुना झालाय. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने भोकं सापडलेल्या जुन्या बूटलोडरांना मशीनमध्येच बंदी घातली, आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचे प्रोग्राम चालू देणारी सोय) ती बंदी पाळतो. ताजी आयएसओ उतरवून पुन्हा लिहा, हाच खरा उपाय. सिक्युअर बूट बंद करूनही चालेल, पण थांबा. ड्राइव्हवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू असेल तर सिक्युअर बूटला हात लावल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधी कागदावर उतरवा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन कारखान्यातूनच चालू असतं आणि मालकाला पत्ताही नसतो. की नाही, तर डेटा नाही.

ए-३०५: उतरवतो. ताई, अजून एक. मुलीच्या नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ कोरं टाकायचंय. पेनड्राइव्ह बूट होतो, पण ‘कुठे टाकू’ विचारताना डिस्कच दिसत नाही. यादी रिकामी.

ए-७०२: इंटेल ११ वी पिढी किंवा त्यापुढचा आहे का?

ए-३०५: १२ वी.

ए-७०२: मग बहुतेक व्हीएमडी. एसएसडी या इंटेलच्या कंट्रोलरमागे बसते आणि इन्स्टॉलरजवळ त्याचा ड्रायव्हर (तो ओळखणारं सॉफ्टवेअर) नसतो. लॅपटॉपच्या मॉडेलच्या सपोर्ट पानावरून ‘इंटेल रॅपिड स्टोरेज’चा ड्रायव्हर घ्या. डाउनलोड झालेली ईएक्सई फाइल तशीच पेनड्राइव्हवर टाकून उपयोग नाही, ती सोडवून आतल्या आयएनएफ फाइलींचा फोल्डर टाका. मग त्या रिकाम्या यादीखाली ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तो फोल्डर दाखवा.

ए-३०५: बायोसमधून व्हीएमडी बंद केलं तर?

ए-७०२: सगळं पुसूनच टाकणार असाल तर बिनधास्त करा. आत्ताचं विंडोज ठेवायचं असेल तर नको, ते निळ्या पडद्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत बसेल. आणि विंडोजची आयएसओ उघडून फाइली हाताने फॅट३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर ओढू नका. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही आणि हल्लीची ‘इन्स्टॉल.विम’ ही विंडोजची मुख्य फाइल बहुधा त्याहून मोठी असते. रुफस त्यावर एनटीएफएस या दुसऱ्या फॉरमॅटची युक्ती करतो, मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल फाइल दाबून लहान करतं. दोन्हीपैकी काहीही घ्या, पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा हवा.

बी-२०४: काळं पोर्ट लागू पडलं! नाव दोनदा दिसतं, एकामागे ‘यूईएफआय’ आहे, एकामागे नाही.

सी-१०३: यूईएफआय लिहिलेलं घ्या. तुमचं विंडोज त्याच मोडमध्ये आहे. दोन मोडची सरमिसळ झाली की मिंट बसतं, पण सुरू होताना दोन्हीपैकी एकच दिसतं.

बी-२०४: मेनू आला, मिंट निवडलं, आता पडदा काळा. पाच मिनिटं झाली.

सी-१०३: पेनड्राइव्ह लागलेलाच ठेवून पॉवर बटण दहा सेकंद दाबून बंद करा. परत त्या मेनूत ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडा, ग्राफिक्स कार्डाशी पटत नसलं की असं होतं. तिथेच ‘इंटेग्रिटी चेक’ही आहे, पेनड्राइव्हवर लिहिताना काही बिघडलंय का ते तो सांगतो. बिघडलं असेल तर पेनड्राइव्ह बदला. स्वस्तातल्या ६४ जीबीवाल्यांत कधीकधी आत जागा ८ ची असते आणि वर आकडा खोटा.

बी-२०४: डेस्कटॉप आला. वायफाय मात्र दिसत नाही.

ए-७०२: फोन केबलने जोडा आणि फोनमध्ये ‘यूएसबी टेथरिंग’ चालू करा. नेट आलं की इन्स्टॉल करून घ्या, वायफायचा ड्रायव्हर नंतर ‘ड्रायव्हर मॅनेजर’ शोधून देईल.

बी-२०४: इन्स्टॉलर विचारतोय, ‘इरेज डिस्क’ की ‘अलाँगसाइड’ (विंडोजच्या शेजारी)?

सी-१०३: काका, थांबा, काही दाबू नका. लॅपटॉपमध्ये डिस्क एक आहे की दोन? फोटो कुठे आहेत?

बी-२०४: दोन. छोटी एसएसडी आणि १ टीबीची मोठी. फोटो मोठीवर.

सी-१०३: ‘इरेज डिस्क’ पुढच्या पानावर कुठली डिस्क ते विचारतं. तिथे नाव बघू नका, आकार बघा. १ टीबी लिहिलेलं असेल तर मागे या. छोटी दिसत असेल आणि त्यावरचं विंडोज नको असेल, तरच पुढे. आणि चार्जर लावलेला आहे ना?