उत्तर: कोडिंगसाठी ३० मुलाखती होईपर्यंत थांबू नका

कोल्हापूरच्या करवीर-पन्हाळ्याकडच्या गुऱ्हाळघरांवर तुमची पीएचडी आणि '३० मुलाखती उरकतो, मग एकदमच कोडिंग (म्हणजे मुलाखतीतल्या वाक्यांना अर्थाची लेबलं लावणं) करतो' हा तुमचा बेत. तो आधी बदला. दोन-तीन मुलाखती झाल्या की लगेच कोडिंगला बसा, म्हणजे प्रश्न कुठं फसतायत ते वेळेत कळतं. 'धंदा का बंद केला?' असं विचारलं की माणूस समर्थन देतो. 'शेवटचा हंगाम पहिल्या दिवसापासून सांगा' म्हटलं की हकीकत येते.

तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला पाच-सहा तास धरा, घाण्याचा आवाज असेल तर जास्तच. बोली आहे तशीच लिहा, 'शुद्ध' करू नका. इंग्रजी भाषांतर फक्त प्रबंधात घ्यायच्या उताऱ्यांचं.

उदाहरणार्थ, 'माणसं मिळंनात, आन् पोरगं काय चुलवाणापाशी थांबंना.' (चुलवाण म्हणजे गुळाची भट्टी.) यावर 'कामगारटंचाई' असा एकच कोड ठोकला की वाक्याचा दुसरा अर्धा भाग गेला. 'पोरगं थांबंना' हा त्यांच्याच शब्दांतला वेगळा कोड ठेवा. पुढं हाच वारसा, लग्न, शिक्षण यांना जोडता येतो. प्रत्येक कोडखाली दोन ओळींचं टिपण लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी आपलाच कोड आपल्याला कळत नाही.

राहिला मुलाखतींचा आकडा. १२ मुलाखतींत नवं येणं थांबतं, हा दाखला २००६ च्या एका अभ्यासाचा. पण त्यातली माणसं बरीचशी एकसारखी होती. तुमच्याकडं मालक, गुळव्या (गूळ बनवणारा कारागीर) आणि मजूर असे तीन गट आहेत, त्यामुळं प्रत्येकाचा हिशेब वेगळा. कोडिंगच्या सॉफ्टवेअरचं नंतर बघू, एक्सेल पुरतं.