मदत हवी आहे : ब्रिटनमध्ये एम.एस्सी. करताना स्पर्धात्मक पोहणे सुरू ठेवता येईल का?

नमस्कार. माझी मुलगी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला असून विद्यापीठाच्या संघातून पोहते. मालवणच्या समुद्रात लाटा कापायला शिकलेली ही मुलगी तलावात मात्र भिंतीपाशी वळताना अजूनही वेळ गमावते, त्यामुळे चांगल्या प्रशिक्षकाची तिला खरोखरच गरज आहे. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात मत्स्यसंवर्धनाचे नावाजलेले शिक्षणही मिळते आणि ५० मीटरचा तलावही आहे, म्हणून तिचा ओढा तिकडे आहे.

ब्रिटनमधील आंतरविद्यापीठ स्पर्धांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांना भाग घेता येतो आणि स्टुडंट व्हिसावर हौशी खेळाडू म्हणून पोहता येते. मात्र व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून काम करता येत नाही, हे आम्ही पाहिले आहे. माझी खरी काळजी वेगळी आहे. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात प्रयोगशाळा आणि प्रबंध सांभाळून पहाटेचा सराव कितपत निभावतो? क्रीडा शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशाआधी करावा की नंतर, आणि त्यासाठी समुद्रातील शर्यतींचे निकाल ग्राह्य धरतात का? ज्यांची मुले तिथे शिकताना खेळली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.