फ्लॅप वर येतात, खाली जात नाहीत
भाऊ, तुमच्या छोट्या विमानाच्या पंखांचे फ्लॅप (मागच्या कडेच्या, मोटरने वर-खाली होणाऱ्या पट्ट्या) वर येतात पण खाली जायचं नाव घेत नाहीत म्हणता, मग मोटर बदलायच्या मागे कशाला लागून राहिले? डीसी मोटर एका दिशेने नीट फिरते म्हणजे मोटर बहुतेक चांगलीच आहे, आधी खालच्या दिशेचा लिमिट स्विच (फ्लॅप टोकाला पोचला की मोटर थांबवणारा) आणि रिले (मोटरला करंट जोडणारा विजेवरचा स्विच) बघा. आणि व्होल्टेज मोटरच्या टर्मिनलवर, बटण दाबून लोड असतानाच मोजा, नुसतं मोजलं की १२ व्होल्ट दिसतात अन् लोड आला की धाडकन खाली येतात. आमच्या शेडमध्ये हेच झालं होतं, अर्थिंगच्या लगखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) हिरवा गंज धरला होता, पॉलिश पेपरने घासला अन् मोटर सुरू. नागपूरच्या मे महिन्यात ४५ डिग्रीत सर्किट ब्रेकरही लवकर पडतो (ट्रिप होतो), म्हणून टेस्ट सकाळीच करा, आणि हात फ्लॅपपासून लांब ठेवा प्लीज.