मदत हवी आहे: शेवंडाच्या अळ्या आणि ल्यूविन प्रवाह

नमस्कार. पश्चिम ऑस्ट्रेलियातील शेवंडाच्या पारदर्शक, पानासारख्या चपट्या अळ्या ९ ते ११ महिने हिंदी महासागरात वाहत राहतात आणि मग रूप पालटून, काहीही न खाता, पोहत किनाऱ्यालगतच्या समुद्री गवतात व चुनखडीच्या खडकांत येऊन स्थिरावतात. या किनाऱ्यालगत दक्षिणेकडे वाहणारा ल्यूविन हा सागरी प्रवाह जोरात असला की त्या अधिक येतात, असे मानले जाई. पण २००८-०९ मध्ये प्रवाह जोरात असूनही आवक नीचांकी ठरली. प्रवाहांच्या संगणकीय प्रतिमानांवर काम केलेल्या कोणी कृपया सांगावे, की अळ्यांचे रात्री वर येणे व दिवसा खोल जाणे गणितात कसे धरतात, आणि प्रवाहाचा परिणाम अंडी घालण्याच्या वेळेपासून किंवा अन्नाच्या उपलब्धतेपासून वेगळा कसा काढतात? नुसत्या पृष्ठभागावरील वेगाच्या नकाशांवर विसंबणे मला तरी पटत नाही.