रुबेलाच्या अहवालात आयजीजी पॉझिटिव्ह आले आहे, काळजी करावी का?

प्रश्न (रामबाग, इंदूर)
नमस्कार. माझी अठ्ठावीस वर्षांची भाची मूल होऊ देण्याचा विचार करीत आहे. डॉक्टरांनी केवळ रुबेला (गोवरासारखे पुरळ उठणारा विषाणूजन्य आजार) आयजीजी लिहून दिली होती, पण पॅथॉलॉजीत टॉर्चची, म्हणजे गर्भाला बाधू शकणाऱ्या संसर्गांची, सगळीच तपासणी झाली. रुबेला आयजीजी ४८ आययू प्रति मिलिलिटर, पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. घरातील मंडळी धास्तावली आहेत. तिला लहानपणी गोवर येऊन गेला होता, त्याचा हा परिणाम असेल का?

उत्तर (निवृत्त पॅथॉलॉजिस्ट)
ताई, अहवाल उत्तम आहे. आयजीजी ही पूर्वीच्या संसर्गानंतर किंवा लसीनंतर रक्तात टिकून राहणारी प्रतिपिंडे होत, आणि सामान्यतः १० आययूच्या वरची पातळी संरक्षणाची खूण मानली जाते. गोवराचा विषाणू वेगळा असल्याने त्याचा येथे संबंध नाही. शिवाय अंगावर पुरळ उठले की आपल्याकडे सरसकट गोवरच म्हणत असल्यामुळे आठवणीवर विसंबता येत नाही, रक्तच पाहावे लागते. आयजीएम, म्हणजे ताज्या संसर्गात दिसणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी, मात्र पुरळ-ताप किंवा रुग्णाशी संपर्क असल्याखेरीज करू नये, कारण ती कधी कधी खोटी पॉझिटिव्ह येते आणि गरोदर स्त्रीला विनाकारण घोर लावते.

प्रतिसाद (सुदामानगर)
माझी आयजीजी ४ आली आहे. २०१७ पासूनच्या गोवर-रुबेला मोहिमेत पंधरा वर्षांपर्यंतचीच मुले होती, त्यामुळे मी तेव्हा वयाने बाहेर राहिले. आता काय करावे?

उत्तर (निवृत्त पॅथॉलॉजिस्ट)
गरोदर नसाल तर डॉक्टरांना विचारून एमएमआर (गोवर, गालगुंड व रुबेलाची लस) घ्यावी आणि त्यानंतर महिनाभर गर्भधारणा टाळावी, कारण लसीत क्षीण केलेला का होईना, जिवंत विषाणू असतो. नकळत दिवस गेलेले असताना लस घेतली गेली, तरी तेवढ्यावरून गर्भपाताचा विचार करू नये. खरा धोका पहिल्या तीन महिन्यांतील प्रत्यक्ष संसर्गाचा असतो. मातेचा रुबेला आणि बाळाचा जन्मजात मोतीबिंदू यांचा संबंध ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये दाखवून दिला, आणि बहिरेपण व हृदयदोषही त्यातूनच उद्भवतात. आधीच गरोदर असलेल्या स्त्रीने लस बाळंतपणानंतर घ्यावी. अंगावर पाजत असतानाही ती चालते.

प्रतिसाद (राजेंद्रनगर)
मग तपासणीचा खर्च न करता सरळ लसच घेतली तर?

उत्तर (निवृत्त पॅथॉलॉजिस्ट)
गर्भधारणा नसल्याची खात्री असेल तर तेही योग्यच आहे, कारण आधीच प्रतिकारशक्ती असलेल्या व्यक्तीला या लसीने अपाय होत नाही.